जिप्सीचा पाटा घरच्या अंगणात बदलताना

"तुझी गाडी लंगडून राहिली रे," शेजारच्या काकू म्हणाल्या, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. दोन दिवसांनी टेप लावला तर मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत डावीकडे साडेतीन सेंटिमीटर कमी. खाली वाकून पाहिलं. जिप्सीचे पाटे म्हणजे चाकांवर गाडी तोलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या; त्यातल्या सगळ्यात लांब, मेन पाट्याला आडवी चीर, आत ताजी चकाकी आणि बाहेर गंजाची रेघ. उमरेडकडच्या एका पांदणीत (शेतातल्या गाडीवाटेत) काळ्या मातीतून गाडी उपसताना 'टण्' आवाज आला होता, तो हाच.

तुमची गाडी झुकलेली वाटली तर असंच मोजा. जमीन सपाट हवी, चारही टायरांत हवा नेमकी हवी, गाडीत सामान नको. जमिनीपासून मोजू नका, चाकाच्या मध्यापासून मोजा. म्हणजे टायरचा फरक हिशेबात येत नाही. मग चीर, सरकलेला पाटा, चुरा झालेले बुश (पाट्याच्या टोकातली रबरं) आणि तेल गळणारा शॉकअप (धक्के जिरवणारी नळी) शोधा.

जिप्सीला चारही चाकांवर पाटेच असतात, आणि म्हणूनच हे काम घरी जमतं. कॉइल, म्हणजे गुंडाळीची स्प्रिंग, दाबून धरायची भीती नाही. मागच्या पाट्याचं पुढचं टोक चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) पक्कं आणि मागचं शॅकलला, म्हणजे झुलत्या दुव्याला, लटकलेलं असतं. खड्ड्यात पाटा सपाट झाला की लांब होतो आणि ती वाढलेली लांबी शॅकल झुलून सामावून घेतो. हे डोक्यात बसलं की अर्धं काम समजलं.

दोन दिवस आधी

सगळ्या नट-बोल्टांवर तारेचा ब्रश मारून गंज सोडवायचं तेल सकाळ-संध्याकाळ टाका. हे टाळलं तर कामाच्या दिवशी दुपारपर्यंत एकाच बोल्टशी झटत बसाल. अडलेल्या बोल्टला गॅसची ज्योत दाखवायचा सल्ला कुणी ना कुणी देतोच. जिप्सीची पेट्रोलची टाकी मागेच आहे, त्यामुळे तो सल्ला ऐकू नका. ग्राइंडरच्या ठिणग्याही तिथे नकोत. हॅक्सॉ ब्लेडने हळूहळू कापा.

सामान आणताना जुन्या पाट्याचा फोटो आणि मापं सोबत न्या. मेन पाटे दोन्ही बाजूंचे घ्या, कारण एकीकडे नवा आणि दुसरीकडे बसका पाटा ठेवला तर गाडी आता उलट्या बाजूला झुकेल. बुशचा पूर्ण संच, सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) आणि यू-बोल्टही (पाटा ॲक्सलला, म्हणजे दोन चाकांमधल्या आडव्या दांड्याला, बांधणारे) नवेच घ्या. यू-बोल्ट एकदा ताणून आवळला की त्याचे आटे आणि ताण पहिल्यासारखे राहत नाहीत. तिथे शंभर-दोनशे रुपये वाचवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग तर मुळीच नको. त्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा वेल्डिंगच्या शेजारीच पुन्हा तुटतो.

कोण काय करणार

चार जण पुरे. सहा झाले की जत्रा होते. आमच्यात एक गाडीखाली, एक जॅकवर, एक पाने देणारा आणि चौथा बँकवाला मित्र नट-बोल्टांचा हिशेब ठेवणारा. त्याने रिकाम्या श्रीखंडाच्या डब्यांवर 'डावा पुढचा', 'डावा शॅकल' असं लिहून ठेवलं आणि प्रत्येक गोष्ट सुटण्याआधी फोटो काढला. संध्याकाळी त्याच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नव्हता. नियम एकच: जॅक हलताना फक्त गाडीखालचा माणूस बोलणार. बाकीच्यांनी "अजून घे बे, घे" करायचं नाही. जॅक हलवण्याआधी त्यानेही बाहेर यायचं आणि मगच हुकूम सोडायचा.

नागपुरात मे महिन्यात हे काढलं असेल तर सकाळी सहालाच सुरू करा. अकरानंतर उन्हात राहिलेला पाना हातात धरवत नाही.

गाडी उचलणं

यात घाई करू नका. मागची चाकं उचलली की हँडब्रेकच्या भरवशावर गाडी उभी राहत नाही, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावा. वीट नको, ती फुटते. चाकाचे नट जमिनीवरच थोडे ढिले करा. जॅक डिफरन्शियलखाली (मागच्या ॲक्सलवरच्या फुगीर गोळ्याखाली) लावून मागचा भाग उचला आणि चॅसीच्या दोन्ही बाजूंना, मागच्या पाट्याच्या पुढच्या टोकाच्या थोडं पुढे, घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावा. माझ्या अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत आणि खाली तीच काळी माती. घोडीचा पाय खचायला लागला तेव्हा आम्ही गाडी पुन्हा उतरवली आणि खाली जाड फळ्या टाकल्या. घोडीवर ठेवल्यावर गाडीला जोरात धक्का देऊन पाहा. हलली तर आत्ताच हललेली बरी. काढलेली चाकं चॅसीखाली आडवी सरकवून ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, 'दोनच मिनिटांचं काम' असलं तरीही.

पाटा काढणं

एका वेळी एकच बाजू सोडा. दुसरी बाजू ॲक्सलला जागेवर धरून ठेवते. जॅकने ॲक्सलला इतकाच आधार द्या की पाट्यावर ताण राहणार नाही. ब्रेकच्या रबरी नळीवर लक्ष असू द्या, ॲक्सलचं वजन तिच्यावर लटकता कामा नये. आधी शॉकअपचं खालचं टोक, मग यू-बोल्ट आणि खालची प्लेट, मग शॅकल आणि शेवटी पुढचा बोल्ट. शेवटचा बोल्ट निघताना दोघांनी पाटा धरा. तो दिसतो त्यापेक्षा बराच जड असतो.

पाट्यांचा जुडगा उघडण्याआधी सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प आवळा. प्रत्येक पाट्याला वेगवेगळा बाक असतो, त्यामुळे बोल्ट सुटला की ते उसळून वेगळे होतात. खडूने क्रम लिहा, घासून साफ करा, मेन पाटा बदला, नवा सेंटर बोल्ट घाला. बुश दोन अर्ध्या तुकड्यांचे असतात आणि टोकाच्या कडीत दोन्ही बाजूंनी हाताने बसतात. ते सरकायला साबणाचं पाणी वापरा. आमच्याकडे ग्रीसचा डबा घेऊन एकजण तयारच होता. "थोडंसं लावून देऊ ना भाऊ, करकर करणार नाही." तेलकट ग्रीसने रबर फुगतं आणि पिचकतं, त्याला नाही म्हणा.

बसवणं

जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खाली असतात. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलं पाहिजे, नाहीतर ॲक्सल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. बोट फिरवून खात्री करा. मग यू-बोल्टचे चार नट तिरक्या क्रमाने, थोडे थोडे करत, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्याने (किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या) आवळा.

शॅकलचे आणि पुढच्या टोकाचे बोल्ट मात्र आत्ता फक्त हाताने घट्ट करा. तीन वर्षांपूर्वी आम्ही हेच चुकलो होतो. गाडी हवेत असतानाच सगळं कचकचून आवळलं आणि वर तर्री-पोहे खाल्ले. गाडी खाली टेकली तसा पाटा सपाट झाला, कड्या फिरल्या आणि आवळलेलं रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकलं. एका पावसाळ्यात बुशचा भुगा झाला. म्हणून आता दुसरी बाजू झाल्यावर चाकं लावायची, गाडी जमिनीवर टेकवायची, मागे दोघांनी उभं राहून चार-पाच वेळा दाबायची, आणि वजन चाकांवर असतानाच हे बोल्ट आवळायचे. खाली सरपटत जावं लागतं, मान अवघडते, पण दुसरा इलाज नाही.

बँकवाल्याचे डबे तपासा. एकही वायसर उरला असेल तर तो कुठला हे कळेपर्यंत गाडी हलवू नका.

मग गल्लीतच सावकाश फिरवा, ब्रेक दाबून पाहा, स्टेअरिंग सोडल्यावर गाडी सरळ जाते का ते बघा. मागची उंची बदलल्याने हेडलाइटचा झोत खाली-वर होतो, रात्री भिंतीसमोर उभी करून तो जुळवा. पहिल्या शंभरएक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासा; नवे पाटे एकमेकांवर बसतात तसे नट ढिले पडतात. आमच्या डाव्या बाजूचे दोन नट जवळजवळ अर्धा वळसा फिरले.