कसलेल्या गरवणाऱ्यांना हिवाळी नदीवर नेताय? या चुका टाळा

नवख्याला मासे गरवायला नदीवर नेणं सोपं. गरी, म्हणजे गळाची काठी, हातात द्यायची, चार वेळा गुंता सोडवायचा, एक मासा लागला की स्वारी खूश. वीस-वीस वर्षं गरवलेला माणूस बोटीत येऊन बसला की परीक्षा गाइडची असते. मी मूळचा रत्नागिरीचा, काजळी नदीवर गरवायला शिकलेला. आता नोकरी अमेरिकेत, आर्कान्सा राज्यातल्या बेंटनव्हिलला आणि हिवाळ्यातल्या सुट्ट्या दोन-अडीच तासांवरच्या व्हाइट नदीवर, परवाना काढून, गाइडगिरीत. आर्कान्सातल्या बुल शोल्स धरणाखालचा हा पट्टा मोठ्या ब्राउन ट्राउटसाठी, म्हणजे थंड पाण्यातल्या एका माशासाठी, नावाजलेला. इथे येणाऱ्या कसलेल्या पाहुण्याच्या हातात कसब असतं, पण ही नदी त्याला ठाऊक नसते. माझ्या बहुतेक चुका एवढं विसरल्यामुळे झाल्या.

कालच्या पाण्यावर आजचा बेत

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इथलं पाणी विजेच्या मागणीवर चढतं-उतरतं. धरणात आठ जनित्रं आहेत. कडाक्याची थंडी पडून घरोघरी हीटर लागले की ती एकामागून एक सुरू होतात, आणि काल जिथे गुडघाभर पाण्यात उभे होतो तिथे आज डोक्यावरून पाणी जातं. पाणी सोडण्याचं वेळापत्रक आदल्या संध्याकाळी बघा, पहाटे पुन्हा बघा, आणि तरीही ते बदलेल असं धरूनच निघा.

शिवाय सोडलेलं पाणी खाली पोचायला वेळ लागतो. कॉटर गाव धरणापासून नदीच्या वाटेने सत्तावीस-एक किलोमीटर. तिथे पाणी चढायलाही काही तास जातात आणि उतरायलाही. म्हणून ‘जनित्रं बंद झाली, चला उतरू’ हे धरणापाशी खरं, कॉटरला नाही. याचा फायदाही करून घेता येतो. चढतं पाणी मागे ठेवून बोटीने खाली सरकत राहिलं, तर उथळ पाण्याचे दोन-तीन तास जास्त मिळतात.

पहिल्याच हिवाळ्यात मी दोघांना उथळावर उतरवलं आणि स्वतः काठावर चहा ओतत बसलो. एकजण डोंगरी नद्यांत तीस वर्षं गरवलेला. म्हटलं, याला काय सांगायचं! पण त्याच्या नद्यांवर धरणं नव्हती. तिथे पाणी वाढायचं ते गढूळ होऊन, गाजावाजा करत. इथे ते काचेसारखं असतानाच चढतं. शेवाळाचे तुकडे आणि वाळकी पानं वाहायला लागली, एवढीच खूण. त्याने मान वर केली तेव्हा पाणी कमरेला लागलं होतं. दोघे सुखरूप बाहेर आले, चहा मात्र कोणी घेतला नाही. तेव्हापासून उतरल्याबरोबर काठालगतचा एक दगड सगळ्यांना दाखवतो. तो बुडायला लागला की बाहेर, मासा लागलेला असला तरी.

आणि नांगर. पाहुणा म्हणणारच, ‘जागा झकास आहे, इथेच थांबा.’ जनित्रं चालू असताना प्रवाहात नांगर टाकू नका. तो खडकात अडकला आणि पाणी वाढलं, तर बोट त्याच दोरावर खाली खेचली जाते. मोटारीवर बोट धरून ठेवा, आणि दोर कापायला सुरी हाताशी असू द्या.

‘यांना काय विचारायचं’

विचाराच. एकच मोठा मासा हवा, की दिवसभर हाताला काम? दोन्ही एका दिवसात क्वचितच जमतं. मोठा हवा तर भरल्या पाण्यात बुडणारी लाइन (गळाची दोरी) आणि वीतभर लांबीचा स्ट्रीमर, म्हणजे छोट्या माशासारखं दिसणारं नकली आमिष. दिवसभर फेकायचा, कदाचित दोनच झटके. पाणी उतरलेलं असेल तर नखाएवढी मिज (चिलटासारखं नकली आमिष) आणि बारीक टिपेट (आमिष बांधायचा दोरीच्या टोकाचा धागा). हे आदल्या दिवशी फोनवर बोलून घ्या, नाहीतर दुपारी दोनला बोटीत अबोला.

मोठ्या माशाला मोठंच आमिष, हा हट्ट जाणकारांचाच जास्त. १९९२ साली याच राज्यातल्या लिटल रेड नदीत रिप कॉलिन्स यांनी धरलेला ब्राउन ट्राउट सव्वाचाळीस पौंडांचा होता. तेव्हाचा तो जागतिक विक्रम, आणि आमिष होतं एक चिमुकली जिग, म्हणजे डोक्याशी वजन असलेला नकली आमिषाचा गळ. (महिना मात्र मे होता, हिवाळ्याला त्याचं श्रेय नको.)

विणीच्या जागा

ब्राउन ट्राउट शरदाच्या अखेरीपासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत वितो. तळाशी धुतल्यासारखी फिकट खडी दिसली की तिथे अंडी आहेत असं समजा. अशा उथळात मोठे मासे उघड्यावर दिसतात आणि चांगल्या-चांगल्यांचा हात शिवशिवतो. नाही म्हणा, हसत म्हणा, पण म्हणा. मासे निघून गेले तरी अंडी खडीत कित्येक आठवडे असतात, त्यामुळे जानेवारीतही त्या खडीवरून चालू नका. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदीच असते. इथे काही पट्ट्यांपुरते नियम सोडले तर नदी खुली, म्हणून राखण गाइडनेच करायची.

शॅडची वाट बघत बसणं

थ्रेडफिन शॅड हा जलाशयातला छोटा चंदेरी मासा. त्याला थंडी सोसत नाही. पाणी पाच-सहा अंशांवर आलं की तो मरायला लागतो, जनित्रांतून खाली येतो, आणि ट्राउट अधाशासारखे खातात. धरणाखाली सीगल घिरट्या घालताना दिसले की शॅडसारखी दिसणारी पांढरी नकली माशी गळाला बांधा. इथे कसलेला माणूस सवयीने ती झटके देऊन खेळवतो. मेलेला शॅड पोहत नाही, तेव्हा नुसती वाहू द्या. पण दर हिवाळ्यात हे घडतंच असं नाही, त्यामुळे ‘शॅड मिळेल’ अशा बोलीवर पाहुणा बोलावू नका.

बर्फ आणि फोटो

गरीवरच्या, दोरी ओवायच्या कड्यांत बर्फ धरला तर तो बोटांनी ओरबाडू नका, कडी निखळते. गरी पाण्यात बुडवा. धरणाच्या तळातून आलेलं पाणी गोठणबिंदूच्या बरंच वर असतं, बर्फ सुटतो. ओठांना लावायचं मलम कड्यांना आधीच चोळलं तर बर्फ उशिरा धरतो.

मासा जाळ्यात आला की त्याला पाण्यातच ठेवा. हवा शून्याखाली असेल तर कल्ले आणि डोळे काही क्षणांत गोठायला लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरात आणखी एक अडचण. सरोवराचं वरचं-खालचं पाणी अजून नीट मिसळलेलं नसतं, त्यामुळे खाली येणाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि मासा लवकर दमतो. फार झुंजवू नका. कॅमेरा आधी सुरू करा, पाहुण्याला हातमोजे काढून हात ओले करायला सांगा, मगच मासा उचला. पाणी निथळायचं थांबायच्या आत परत खाली.