मांजराची उलटी आणि लिटर ट्रे : या चुका टाळा

मांजर पाळणाऱ्या घरांतून मला येणारे बहुतेक फोन दोनच तक्रारींचे असतात : मांजर ओकते आहे, किंवा ट्रे, म्हणजे तिच्या शी-शूसाठी ठेवलेली वाळूची पसरट पेटी, सोडून भलतीकडेच शू करते आहे. गेली बारा वर्षे पुण्यातल्या आमच्या घरात रस्त्यावरची पिल्ले येत-जात राहिली आहेत. एवढ्या काळात मला पक्के कळले आहे ते इतकेच की, माणसे आधी औषध शोधतात आणि मांजराकडे व त्याच्या ट्रेकडे नंतर पाहतात.

बोका कुंथतो म्हणजे बद्धकोष्ठ, हा समज

ही चूक सर्वांत आधी सांगते, कारण हिच्यामुळे धडधाकट बोका दोन-तीन दिवसांत दगावतो. नर मांजराचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. लघवीतले बारीक खडे आणि चिकट स्राव यांचा बोळा तिथे अडकला की लघवी तुंबते, मूत्राशय फुगते, मूत्रपिंडांचे काम थांबते आणि रक्तातले पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते. अशा बोक्याला होणारी उलटी पोट बिघडल्यामुळे नसते, तर शरीराबाहेर न पडलेली विषारी द्रव्ये रक्तात साठल्यामुळे असते.

तीन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेजारच्या काकूंचा फोन आला. त्यांचा चार वर्षांचा, नसबंदी झालेला आणि केवळ कोरड्या खाण्यावर वाढलेला बोका दर दहा मिनिटांनी ट्रेमध्ये जाऊन बसत होता, कुंथत होता आणि काहीच न होता बाहेर येत होता. फटाक्यांच्या आवाजाने घाबरून त्याची शी अडली असेल, असे त्या म्हणाल्या आणि मीही त्याला न पाहताच उकडलेला भोपळा द्यायला सांगितले. माझे ते सांगणे चुकीचे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पिवळा फेस ओकला तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. ट्रेमधली वाळू कोरडी ठणठणीत होती, आदल्या सकाळपासून तिच्यात शूने वाळू चिकटून होणारा एकही ओला गोळा झाला नव्हता, आणि बोक्याचे ओटीपोट हाताला मोसंब्यासारखे घट्ट लागत होते. सणामुळे दोन दवाखाने बंद मिळाले. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी त्याला भूल देऊन कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची बारीक नळी, घातला, तीन दिवस सलाईन चालले आणि बोका वाचला. आता काकू त्याला ओले खाणे देतात आणि घरात तीन ठिकाणी पाणी ठेवतात.

तेव्हापासून बोका कुंथतो असे कोणी म्हटले की, शेवटची लघवी कधी आणि किती झाली, एवढेच मी आधी विचारते. उत्तर “माहीत नाही” असे आले तर मध्यरात्र असली तरी दवाखान्यात जायला सांगते. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न घरी कधीही करू नये, कारण फुगलेले मूत्राशय फुटू शकते. माझ्या घरी ट्रे साफ करताना शूचे गोळे मोजण्याची सवय आहे, आणि त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. म्हाताऱ्या मांजराचे गोळे अचानक मोठे आणि जास्त होऊ लागले, तर मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह आहे का, हे रक्त तपासून पाहावे.

फिनेलने ट्रे धुणे

मांजराने गादीवर शू केली की लोक त्याला मारतात, नाक त्या ओल्या जागेवर घासतात आणि मग ट्रे फिनेलने धुतात. मारल्याने मांजर एवढेच शिकते की माणसासमोर शू करायची नाही. फिनेल, मग ते काळे असो वा पांढरे, मांजराच्या घरात नसावेच. त्यातली द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि पंजाला लागलेले सारे ते चाटून पोटात घेते. शिवाय तो उग्र वास नकोसा झाला की ते ट्रे सोडून देते, आणि मालक म्हणतात की मांजर खोडसाळ आहे. मी साधा साबण आणि गरम पाणी वापरते. गादीसाठी पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे, शूचा वास घालवणारे एन्झाइमचे द्रावण वापरावे. एका मांजराला दोन ट्रे, दोघांना तीन, हा हिशेब जागेअभावी अनेकांना पटत नाही, पण बहुतेक घरांतले भांडण त्यानेच मिटलेले मी पाहिले आहे. ट्रे मांजराच्या दीडपट लांब असावा आणि वॉशिंग मशीनशेजारी ठेवू नये.

उलटीतल्या उतावीळ चुका

सगळ्यांत घातक उतावीळपणा दोऱ्याच्या बाबतीत होतो. गजऱ्याचा किंवा हाराचा दोरा मांजर गिळते आणि त्याचे टोक तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसते. तो ओढू नये. दुसरे टोक जिभेच्या मुळाशी किंवा आतड्यात अडकलेले असले तर ओढलेला दोरा आतडे करवतीसारखा कापतो. दोरा तसाच ठेवून दवाखाना गाठावा.

पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे, आणि त्याचा कोणताही डोस सुरक्षित नाही.

दूध बंद करावे. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना ते पचत नाही.

पोटाला आराम म्हणून मांजराला दिवसभर उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून जिवावर बेतते.

खाणे बदलायचे असल्यास सात ते दहा दिवस जुन्यात नवे मिसळत जावे. पाकीट संपले म्हणून एका रात्रीत ब्रँड बदलणाऱ्यांच्या तक्रारींत मला आजाराहून घाईच जास्त दिसते.

पुष्पगुच्छातली लिली घरात आणू नये. तिच्या परागांनीही मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात.

आणि प्रत्येक उलटी केसांच्या गोळ्याची नसते. महिन्यात एखादा केसांचा गोळा निघाला आणि मांजर लगेच खाऊ-खेळू लागले, तर मी घाबरत नाही. खाल्ल्याबरोबर दाणे अख्खे बाहेर आले, तर ते घाईने गिळलेले असतात, म्हणून मी दाणे पसरट ताटात विरळ टाकते. मात्र दिवसात तीन-चार उलट्या झाल्या, रक्त दिसले, खाणे सुटले किंवा लस न घेतलेले पिल्लू मलूल पडले, तर त्याच दिवशी डॉक्टर. दवाखान्यात जाताना उलटीचा फोटो आणि कालनिर्णयच्या चौकटीत लिहिलेल्या तारखा मी बरोबर नेते. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.