पोटॅशियम कमी करणारी पुडी आणि बाकीच्या गोळ्या: वेळा कशा बसवायच्या

बोअरच्या जड पाण्याने बादलीवर पांढरे थर चढतात, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. घरी सॉफ्टनर असेल तर त्याच्या टाकीतले बारीक मणी पाण्यातलं कॅल्शियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. किडनीच्या रुग्णाला पोटॅशियम वाढल्यावर देतात ती पावडरही याच जातीची. ती रक्तात उतरत नाही. आतड्यातलं पोटॅशियम धरते आणि शौचावाटे निघून जाते. पण त्याच वेळी पोटात आलेली दुसरी गोळीही ती धरून ठेवते, आणि गोळी घेऊन न घेतल्यासारखी होते.

आधी पुडीवरचं नाव वाचा. कॅल्शियम किंवा सोडियम पॉलिस्टायरीन सल्फोनेट असेल, तर बाकीची तोंडाने घ्यायची औषधं पुडीच्या 3 तास आधी किंवा 3 तास नंतर घ्या. मधुमेहामुळे अन्न पोटात रेंगाळत असेल तर अंतर 6 तास. थायरॉईडच्या गोळीला मात्र निदान 4 तास ठेवा.

आता कागदावर वेळा मांडा. समजा, पुडी दिवसातून दोनदा आहे. सकाळी 6 ला उपाशीपोटी थायरॉईडची, नाश्त्यानंतर 7 ला बीपीची, 11 ला पहिली पुडी, दुपारी 2 ला जेवणासोबतच्या गोळ्या, संध्याकाळी 5 ला दुसरी पुडी आणि रात्री 8 नंतरच पुढचं औषध. हा कागद डॉक्टरांना दाखवा, मग फ्रीजवर चिकटवा.

पुडी पाण्यात कालवा. वाळूसारखी लागते म्हणून घरचे मोसंबीच्या रसात देतात. जालन्याची मोसंबी कितीही गोड असली तरी इथे नको, तिच्यातच पोटॅशियम आहे. नारळपाणीही नको. ॲसिडिटीचं मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमवालं औषध विचारल्याशिवाय घेऊ नका. बद्धकोष्ठ झालं तर घरातलं रेचक न देता डॉक्टरांना कळवा. सॉर्बिटॉल असलेलं रेचक या पुडीसोबत आतड्याला गंभीर इजा करू शकतं.

कोलेस्टेरॉलसाठीची कोलेस्टायरामिनची पावडरही याच जातीची, पण तिचा हिशेब वेगळा: बाकीची औषधं तिच्या 1 तास आधी किंवा 4 ते 6 तास नंतर. वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) किंवा डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) चालू असेल तर कोलेस्टायरामिन मनानेच बंद करू नका. अडून राहिलेलं औषध मग पूर्ण लागू होतं, आणि वॉरफेरिनवाल्याला रक्तस्राव होऊ शकतो. बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या.