आंब्याच्या सीझनआधी मेलचा लोगो लावायची तयारी

मार्चमध्ये पेट्या जायला लागतील तेव्हा पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाला इनबॉक्समध्ये तुमच्या नावाशेजारी रंगीत गोलातलं नुसतं पहिलं अक्षर न दिसता बागेचा लोगो दिसावा असं वाटत असेल, तर गणपती गेले की कामाला लागा. मोहोर आल्यावर सुचलं तर यंदाचं विसरा. देवगडची बाग असो, तारकर्लीचा होमस्टे असो की वेंगुर्ल्याचा काजू, तयारी सगळ्यांची एकच, या लोगोच्या पद्धतीला बिमी म्हणतात, आणि यात लोगो लावणं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम आहे, त्याच्या आधीचंच लांबतं.

आधी मेल कुठल्या पत्त्यावरून जातो ते बघा. आपल्याकडे अर्ध्या लोकांचा धंदा अजून साध्या जीमेलच्या पत्त्यावर चालतो, त्यात वाईट काही नाही पण तो डोमेन (पत्त्यात @ च्या पुढचा भाग) गुगलचा, तुमचा नाही, त्यामुळे तिथे प्रोफाईल फोटो लावा आणि गप्प बसा. स्वतःचा डोमेन असेल तरच पुढचं वाचा.

मग एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क, म्हणजे मेल खरंच तुमचाच आहे हे पटवणाऱ्या तीन गोष्टी. पहिल्यात तुमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी, दुसऱ्यात प्रत्येक मेलवर डिजिटल सही, आणि तिसऱ्यात हे दोन्ही जुळले नाहीत तर त्या मेलचं काय करायचं ते तुम्ही जगाला सांगता. पेटीवर देवगड छापलेलं आणि आत कर्नाटकचा आंबा, हा प्रकार मेलमध्येही चालतो, तो अडवायला डीमार्क. लोगोसाठी डीमार्कची पॉलिसी क्वारंटाईन (न जुळलेला मेल स्पॅममध्ये टाका) किंवा रिजेक्ट (घेऊच नका) लागते आणि तीही शंभर टक्के मेलना लागू, सबडोमेनलासुद्धा सूट ठेवायची नाही. 2024 पासून गुगल आणि याहूने मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचा केला तेव्हा खूप जणांनी पॉलिसी 'नन' (काहीच करू नका, नुसते रिपोर्ट पाठवा) टाकून सोडून दिली, तेवढ्याने मेल पोचतो, लोगो येत नाही. पण म्हणून आज रात्री थेट रिजेक्टही करू नका! आधी काही आठवडे ननवरच ठेवा आणि रोज येणारे रिपोर्ट बघा, त्यात हमखास असं काहीतरी निघतं जे सगळे विसरलेले असतात, बिलिंगचं सॉफ्टवेअर, वेबसाईटचा चौकशी फॉर्म, न्यूजलेटरची सर्व्हिस. त्या सगळ्यांच्या मेलवरही तुमची डिजिटल सही येईल असं करा, मग क्वारंटाईन, मग वाटलं तर रिजेक्ट.

हे चालू असताना लोगोची फाईल मागवा. ती कुठे असते? तुमच्याकडे नसतेच, पेटीचे स्टिकर आणि फ्लेक्स छापणाऱ्याकडे कोरल नावाच्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. तो एसव्हीजी (ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांनी बनलेली चित्राची फाईल) करून देतो खरा, पण उघडून बघा, बऱ्याचदा आत अख्खा जेपीईजी चिकटवलेला असतो, तो चालत नाही. अक्षरं कर्व्ह करून घ्या, म्हणजे फॉन्ट न राहता नुसते आकार होतील. मग फाईल टायनी पीएस नावाच्या प्रोफाईलमध्ये बसवावी लागते, म्हणजे आत स्क्रिप्ट नाही, ॲनिमेशन नाही, बाहेरची लिंक नाही, टायटल मात्र हवंच, आणि आकाराने 32 केबीच्या आत ठेवा. लोगो चौकोनी करा, मागे भरीव रंग द्या आणि चारी बाजूंनी जागा सोडा कारण दाखवताना बहुतेक ठिकाणी गोल कापतात. आपल्या पेटीवर आंबा, माड, होडी, मावळता सूर्य आणि खाली 'अस्सल नैसर्गिकरीत्या पिकवलेला' असं सगळं असतं, फोनवर त्या एवढ्याशा गोलात त्याचा नुसता पिवळा डाग होतो. एकटा आंबा घ्या, नाहीतर एक अक्षर घ्या.

आता फाईल ठेवायची कुठे, आणि इथे लोकांचा समज साफ उलटा असतो. वाटतं की गिऱ्हाईकाने मेल उघडला की त्याचा फोन आपल्या सर्व्हरवरून लोगो ओढतो. तसं नसतं. मेल आला की जीमेल किंवा याहूचा सर्व्हर आधी डीमार्क पास आहे का बघतो, मग तुमच्या डीएनएसमधला (डोमेनची माहिती जिथे नोंदवतात तिथला) बिमीचा रेकॉर्ड वाचतो, त्यात दिलेल्या पत्त्यावरून स्वतः फाईल आणतो, तपासतो आणि आपल्याकडे ठेवून देतो, गिऱ्हाईकाला दिसते ती त्यांच्याकडची साठवलेली प्रत. हे बरंच आहे, नाहीतर कोणी कधी कुठून मेल उघडला ते पाठवणाऱ्याला लोगोवरूनच कळलं असतं, आणि हजार जणांना ऑफरचा मेल गेला की आपलं स्वस्तातलं होस्टिंग तिथेच झोपलं असतं. याचा अर्थ असाही की तुमची साईट संध्याकाळी तासभर बंद पडली म्हणून लोगो जात नाही, पण त्यांचा सर्व्हर फाईल न्यायला आला त्या वेळी दार बंद असेल तर लोगो लागतच नाही. म्हणून एचटीटीपीएस नीट चालू हवं, मध्ये रिडायरेक्ट नको, आणि साईटवर बॉट अडवणारी फायरवॉल असेल तर त्या फाईलला सूट द्या, येणारा बॉटच असतो ना. वर्डप्रेस मुळात एसव्हीजी अपलोड करू देत नाही, तेव्हा होस्टिंगच्या सीपॅनलमधल्या फाईल मॅनेजरमधून टाका.

आता खर्चाचं. जीमेलला आणि ॲपलच्या बिमीला नुसती फाईल पुरत नाही, व्हीएमसी नावाचं, लोगो तुमचाच असल्याचं सर्टिफिकेट लागतं आणि त्यासाठी लोगो रजिस्टर्ड ट्रेडमार्क हवा, अर्ज केलाय आणि टीएम लावलंय एवढ्यावर भागत नाही. छोट्या उद्योगाला ऑनलाईन अर्जाची सरकारी फी एका क्लासला 4500 रुपये आहे, पण ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आल्यावर हरकतीसाठीच चार महिने जातात, म्हणून गणपतीचं म्हटलं, आणि खरं तर गेल्या वर्षीच्या गणपतीचं म्हणायला हवं. हापूसचा जीआय (भौगोलिक मानांकन) आहे तो सगळ्यांचा मिळून आहे, तो दाखवून सर्टिफिकेट मिळत नाही. ट्रेडमार्क नसेल तर सीएमसी नावाचं दुसरं सर्टिफिकेट, त्यात लोगो वर्षभर जाहीरपणे वापरात होता हे दाखवायचं, जीमेल 2024 पासून ते घेतं पण व्हीएमसीवर नावाशेजारी मिळते ती निळी टिक देत नाही. माझं विचाराल तर दोनशे-तीनशे पेट्यांच्या बागेने या सर्टिफिकेटवर दरवर्षी पैसे घालू नयेत. डीमार्क पक्का करा, ॲपलच्या बिझनेस खात्यावर ब्रँडेड मेल (ॲपलच्या मेलमध्ये तुमचा लोगो) फुकट आहे तो भरा, याहू बल्क मेलवर सर्टिफिकेटशिवायही लोगो दाखवतं (पाठवणाऱ्याचं नाव चांगलं असलं तर), बाकी आउटलुक तर बिमी मानतच नाही.

सगळं जमलं की डीएनएसमध्ये टीएक्सटी (साध्या मजकुराचा) रेकॉर्ड टाका, नाव डिफॉल्ट, मग डॉट, मग अंडरस्कोर लावून बिमी, आत लोगोचा पत्ता आणि असेल तर सर्टिफिकेटचा. सर्टिफिकेटमध्ये लोगो आतच भरलेला असतो, तो आणि साईटवरची फाईल एकच हवी. एक मेल स्वतःच्या जीमेलला पाठवा, कॉम्प्युटरवर शो ओरिजिनल उघडा, एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही पास दिसतायत का बघा. लोगो लगेच दिसणार नाही, एक-दोन दिवस धरूनच चला आणि तोवर रेकॉर्डला सारखा हात लावू नका. पुढे कधी लोगो बदललात तर त्याच नावावर नवी फाईल चढवू नका, साठवलेली जुनीच दिसत राहील, नवं नाव द्या, रेकॉर्डमध्ये तो पत्ता टाका आणि जुनी फाईल थोडे दिवस राहू द्या. सर्टिफिकेट घेतलंतच तर ते जास्तीत जास्त 398 दिवस चालतं, तेव्हा ते दिवाळीच्या आसपास काढा म्हणजे रिन्यूअलही दरवर्षी तेव्हाच येईल, ऐन मेमध्ये पेट्या भरायच्या सोडून व्हेरिफिकेशनच्या व्हिडिओ कॉलवर बसायला कोणाला वेळ आहे.