ऑपरेशनचा वण: टाके निघाल्यानंतर काय करायचं

टाके निघाले, खपली पडली की घरचे निवांत होतात. वणाची खरी देखभाल मात्र तेव्हाच सुरू होते. तिसऱ्या आठवड्यात त्या जागी मूळ कातडीच्या जेमतेम २० टक्के ताकद असते. वर्षानंतरही ती ८० टक्क्यांच्या आसपासच थांबते. या कोवळ्या जागेवर ओढ बसली की शरीर तिथे जादा कोलॅजन, म्हणजे कातडी बांधून ठेवणारं प्रथिन, घालतं आणि वण रुंद, जाड होतो. म्हणून मलमाच्या आधी ताणाचा बंदोबस्त करा.

पोटाचं ऑपरेशन असेल तर साधारण सहा आठवडे जड उचलू नका. छाती किंवा खांद्यावर वण असेल तर द्राक्षबागेत हात वर करून छाटणी आणि पाठीवरचा फवारणी पंप, दोन्ही लांबच ठेवा. निफाड-पिंपळगावकडे हंगाम कोणासाठी थांबत नाही हे खरं, पण पंपाचा पट्टा वणावर घासला की तो लाल होऊन फुगतो. सिझेरियनच्या वणावर परकराची नाडी बसू देऊ नका, वर बांधा.

जखम पूर्ण मिटली, कुठेही ओल नाही, हे पाहूनच पुढचं. वणाच्या लांबीने जखमेवर लावायची कागदी टेप लावा. अंघोळीनंतर टिपून कोरडी करा, सैल झाली की बदला, खेचून काढू नका. हे १२ आठवडे.

टेपऐवजी सिलिकॉन चालतं. जेल दिवसातून दोनदा, अगदी पातळ. चारपाच मिनिटांत वाळलं नाही तर जास्त लागलं असं समजा. सिलिकॉनची पट्टी दिवसाला किमान १२ तास हवी, पण सुरुवात चार तासांनी करा आणि रोज सौम्य साबणाने धुवा. एप्रिल-मेच्या घामात पट्टीखाली पुरळ येतं. तेव्हा दिवसा जेल, रात्री पट्टी. दोनतीन महिने नेम मोडला नाही तरच फरक दिसतो.

मालीश सर्जनला विचारून, बहुधा दोनतीन आठवड्यांनी. थोडं साधं व्हॅसलीन घेऊन बोटाने वण पांढुरका पडेल इतका दाब द्या, आधी गोल, मग आडवं. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. कातडी फाटली, रक्त आलं तर थांबा.

लिंबू, टूथपेस्ट, घरातलं उरलेलं स्टिरॉइडचं मलम लावू नका. व्हिटॅमिन ई तेलाचा गाजावाजा फार, पण त्याने अनेकांना ॲलर्जीच होते. वरणभात, अंडी बंद करायचं पथ्यही उलटं पडतं, जखम भरायला प्रथिनंच लागतात. तंबाखूने मात्र रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम रेंगाळते. जखम ओली असताना रामकुंडात डुबकी नाही, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी नाही. वण उघडा राहत असेल तर वर्षभर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा, नाहीतर तो काळा पडतो.

वण जखमेच्या रेषेतच फुगला तर तो बऱ्याचदा हळूहळू बसतो. रेषेबाहेर पसरू लागला, खाज-दुखणं वाढलं, तर केलॉइडची शंका घ्या. छातीचा मध्य, खांदा, कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. त्वचारोगतज्ज्ञ त्यात दर चार ते सहा आठवड्यांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. केलॉइड नुसता कापून टाकला तर बहुतेकदा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. घरात कोणाला केलॉइड असेल तर ऑपरेशनच्या आधीच सर्जनला सांगा. आणि लाली पसरणं, पू, ताप दिसला तर टेप-जेल सगळं थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.