लिंबाच्या कुंडीतून मॅक्रो फोटोग्राफी कशी सुरू करावी

मॅक्रो फोटोग्राफीसाठी, म्हणजे किडामुंगीसारखे बारके जीव अगदी जवळून मोठे टिपण्यासाठी, जंगल लागत नाही. कागदी लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं एक रोप लागतं, आणि रोज सकाळी त्याच्यापाशी पंधरा मिनिटं बसायची तयारी. मला हे फार उशिरा उमगलं. आधी लेन्स घेतली, मग फ्लॅश, मग पावसाळ्यात आंबोलीला दोनदा जाऊन आले. पण माझे सगळ्यात जवळचे फोटो गॅलरीतल्या कुंडीवरचेच आहेत. कारण ते झाड मला पानन्‌पान माहीत आहे.

१. एक झाड धरा

लिंबाच्या कोवळ्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढा फिकट पिवळा मणी दिसला, तर ते लाइम बटरफ्लाय या फुलपाखराचं अंडं असण्याची शक्यता खूप. त्यातून निघणारी अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट आणि मधे पांढरा डाग. शेवटची कात टाकली की हिरवीगार होते. लिंबू नसेल तर रस्त्याकडेची रुई बघा, तिच्यावर प्लेन टायगर हे फुलपाखरू अंडी घालतं. पानफुटीवर रेड पिएरो फुलपाखरू येतं, पण त्याची अळी पानाच्या आत राहून पान पोखरते, त्यामुळे ती सहजी दिसत नाही. झाड कोणतंही धरा, त्यावर औषध फवारू नका. पानं कुरतडली जातील, जाऊ द्या.

२. हाताशी आहे त्यानेच सुरुवात करा

मोबाइलमध्ये मॅक्रो मोड असेल तर पहिला महिनाभर तोच वापरा. लेन्स बदलता येणारा कॅमेरा (डीएसएलआर किंवा मिररलेस) असेल तर महागडी मॅक्रो लेन्स घ्यायच्या आधी एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. ही नुसती पोकळ नळी, आत काच नाही. लेन्स सेन्सरपासून (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीपासून) लांब जाते आणि जवळचं फोकस होतं. ५० मिमीच्या लेन्सला ५० मिमीची ट्यूब लावली की साधारण १:१ मिळतं, म्हणजे एक सेंटिमीटरची अळी सेन्सरवरही एक सेंटिमीटरचीच पडते. त्याहून स्वस्त उपाय रिव्हर्स रिंगचा, लेन्स उलटी बसवायची. मात्र उलट्या लेन्सचा कॅमेऱ्याशी संपर्क तुटतो, म्हणून उजेड आत सोडणारं छिद्र हाताने कमीजास्त करता येणारी जुनी लेन्स मिळाली तर बघा.

३. उन्हाच्या आधी पोहोचा

कीटकांचं अंग उन्हानं तापतं तशी त्यांची चपळाई वाढते. सकाळी सहा-साडेसहाला चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच पण सडपातळ कीटक) गवताच्या पात्यावर दवानं भिजून गप्प बसलेल्या असतात. नऊ वाजता त्याच टाचणीच्या मागे तुम्ही शेतभर धावाल. दसरा-दिवाळीच्या सुमाराचे दिवस यासाठी फार चांगले.

वारा हा या छंदातला खरा त्रास. डोळ्यांना जाणवणारही नाही एवढी झुळूक या अंतरावर चौकट रिकामी करते. फांदी स्थिर ठेवायला मी एक काठी कुंडीत खोचते आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं फांदी तिला धरून ठेवते. किडा बसलेल्या पानापासून वीतभर लांब चिमटा लावायचा, नाहीतर तो उडतो.

४. फोकस अंगानं करा

फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ ला छिद्र एफ ८ ठेवलं (एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान) तरी जेमतेम एक मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. मिशांना फोकस आणि डोळा धूसर, असं शंभरदा होईल. ऑटोफोकस बंद करा. हवं तेवढं मोठं दिसेल असं अंतर लेन्सवर ठरवून टाका आणि मग कोपर गुडघ्यावर टेकवून स्वतः मागंपुढं झुला, अगदी केसभर. श्वास सोडून थांबा, तीन-चार फोटो सलग घ्या. पन्नासात दोन जमले तर दिवस चांगला गेला असं समजा. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर सेन्सर पंखांना समांतर धरा, म्हणजे त्या एक मिलिमीटरमध्ये अख्खा पंख बसेल. एफ १६ च्या पुढे जाऊ नका. स्पष्ट येणारा भाग वाढतो, पण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच जरा धूसर पडतं.

प्राण्याच्या डोळ्यावर फोकस करायचा हा नियम सगळे सांगतात. लिंबावरच्या हिरव्या अळीनं मला त्यात चकवलं. तिच्या पाठीवर पुढच्या बाजूला दोन ठळक डोळे दिसतात. मी कितीतरी फोटो त्यांच्यावर काढले, आणि मग एकदा स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. ते नुसते ठिपके होते. खरं डोकं त्यांच्या खाली, पानाला चिकटून, आणि त्यावर दोन्ही बाजूंना खसखशीहून बारीक काळे ठिपके: खरे डोळे ते.

५. उजेड मऊ करा

फ्लॅशचा झोत अगदी कमी वेळ पडतो, त्यामुळे हाताची थरथर फोटोत उतरत नाही. शटर १/२०० सेकंद, एफ ८ ते एफ ११, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) २०० ते ४००, इथून सुरुवात करा. पण उघडा फ्लॅश भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग पाडतो. पार्सलमध्ये येणारा पातळ पांढरा फोम किंवा ट्रेसिंग पेपर लेन्सच्या टोकाशी, किड्याच्या जितका जवळ येईल तितका, वाकवून लावा. मागची भिंत लांब असेल तर पार्श्वभूमी काळी पडते. ते नको असेल तर किड्यामागे एखादं मोठं हिरवं पान येईल अशी जागा घ्या.

६. पावसाळ्यात लेन्स जपा

हवाबंद डबा, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. ओली बॅग बंद करून कपाटात टाकलीत तर काचेवर बुरशीची जाळी धरते आणि ती काढणं फार कठीण.

७. फोटोपेक्षा जीव मोठा

काही जण किडा हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवतात. हे करू नका, आणि करणाऱ्याला तोंडावर सांगा. अळीला काडीनं डिवचलं की ती डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग काढते आणि उग्र वास सोडते. फोटो छान येतो, पण ती घाबरलेली असते.

कास पठारावर मला याहून जास्त वाईट वाटतं. जांभ्यावर मातीचा पातळ थर, त्यात सीतेची आसवं ही फुलं काही मिलिमीटरची, आणि दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती तर जमिनीलगतच. एका फुलाचा फोटो घ्यायला माणूस आडवा होतो आणि अंगाखाली शेकडो चिरडतो. २०१२ पासून हे पठार जागतिक वारशात आहे. वाटेवरूनच, जरा लांब पल्ल्याची लेन्स लावून, जेवढं मिळेल तेवढंच घ्या.

८. कोषाची वाट पाहा

अळी रेशमाचा एक धागा कंबरेभोवती घेऊन काडीला टेकते आणि कोष होते. उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस. कोष गडद होऊन आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसू लागली, की बहुधा दुसऱ्या सकाळी फुलपाखरू निघतं. त्या रात्रीच बॅटरी चार्ज करा, फोकसची जागा ठरवून ठेवा. माझे पहिले दोन कोष मी चहा करायला आत गेले तेवढ्यात फुटले, आणि मला नुसती रिकामी सालं मिळाली. तिसऱ्या वेळी पहाटेपासून हलले नाही.

कोष डोक्याकडून उकलतो. बाहेर येतं ते सुरकुतलेल्या ओल्या कापडासारखं. पंख हळूहळू पसरत असताना तोंडाकडे बघा, पंखांकडे नाही: सोंड अजून दोन वेगळ्या धाग्यांची असते. फुलपाखरू ती गुंडाळतं, सोडतं, पुन्हा गुंडाळतं, आणि बघता बघता दोन्ही धागे एकमेकांत बसून एक नळी होते. हे टिपायचं असेल तर बाजूनं, सोंडेला समांतर धरा. ती एक होऊन गेल्यावर पंख सुकायला अजून बराच वेळ लागतो. तेवढ्यात कॅमेरा खाली ठेवला तरी चालतो, मी ठेवते.