ट्रायथलॉनचा सराव मिनिटांत मोजावा की किलोमीटरमध्ये?

ऑलिम्पिक अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये 1.5 किलोमीटर पोहणे, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर धावणे असे तीन टप्पे असतात. या 51.5 किलोमीटरमध्ये पोहण्याचा वाटा तीन टक्क्यांहूनही कमी भरतो. आता हीच शर्यत घड्याळाने मोजून पाहा. 100 मीटरला अडीच मिनिटे घेत पोहणारा, ताशी 25 किलोमीटरने सायकल चालवणारा आणि किलोमीटरला साडेसहा मिनिटे घेत धावणारा हौशी खेळाडू पाण्यात साडेसदतीस, सायकलवर 96 आणि धावताना 65 मिनिटे घालवतो. म्हणजे पोहण्याचा वाटा 19 टक्क्यांवर जातो आणि सायकलचा वाटा 78 टक्क्यांवरून 48 टक्क्यांवर उतरतो. आठवड्याचा सराव तीन खेळांत वाटून द्यायचा असेल, तर ही बेरीज किलोमीटरमध्ये करून काहीच हाती लागत नाही. मिनिटांत मात्र ती करता येते.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. सायकल आणि धावणे यांचा रोजचा सराव वेळेने मोजावा, तलावातले पोहणे अंतराने मोजावे, आणि शर्यत जवळ येऊ लागली की मोजक्या सरावांना अंतराची कसोटी लावावी. एकच माप तिन्ही खेळांना लावण्याचा हट्ट केला, तर त्याची किंमत बहुधा पायांना किंवा खांद्यांना मोजावी लागते.

धावण्यापासून सुरुवात करू, कारण चुकीच्या मापाने सर्वांत जास्त दुखापती इथेच होतात. समजा, एखाद्या सराव-तक्त्यात रविवारी 16 किलोमीटर धावा असे लिहिले आहे. किलोमीटरला पाच मिनिटे घेणारा धावपटू ते 80 मिनिटांत संपवतो. आठ मिनिटे घेणाऱ्याला त्याच कामाला 128 मिनिटे लागतात. मिनिटाला 160 पावले धरली, तर दुसऱ्याच्या गुडघ्यांवर आणि पोटऱ्यांवर साडेसात हजारांहून अधिक जादा पावलांचा भार पडतो. कागदावर दोघांचा सराव सारखाच दिसतो, पण शरीराच्या दृष्टीने ते दोन निराळे सराव असतात. स्नायू, कंडरा आणि हृदय यांना किलोमीटर कळत नाहीत; किती वेळ आणि किती जोराने काम करावे लागले, एवढेच त्यांना कळते. म्हणून अशा तक्त्यातील अंतर जसेच्या तसे न उचलता ते स्वतःच्या सावकाश गतीने मिनिटांत बदलून घ्यावे, आणि आकडा फार मोठा आला तर सरळ कापावा. पूर्ण अंतराच्या, म्हणजे शेवटी 42.2 किलोमीटर धावायच्या शर्यतीची तयारी करतानाही लांब धाव अडीच तासांच्या आसपास थांबवावी असे मला वाटते. त्यापुढे मिळणारा फायदा थोडा असतो, आणि सावरायला लागणारे दिवस मात्र पुढच्या आठवड्यातील सायकल आणि पोहणे खाऊन टाकतात.

वेळेने मोजण्याचा आणखी एक फायदा सावकाश धावण्याच्या दिवशी दिसतो. अंतर ठरलेले असले की जोरात धावल्यावर काम लवकर संपते, त्यामुळे मन नकळत घाई करते आणि हलका दिवस मध्यम कष्टाचा होऊन बसतो. 50 मिनिटे ठरलेली असली, तर वेग वाढवून काहीच लवकर संपत नाही. मग गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीने धावणे सोपे जाते. लांब आणि सावकाश धावेच्या दिवशी घड्याळाच्या पडद्यावर फक्त सरलेला वेळ ठेवावा. गती आणि अंतर नंतर घरी पाहता येते. घड्याळात 9.7 किलोमीटर दिसल्यावर केवळ आकडा पूर्ण व्हावा म्हणून थकलेल्या पायांनी आणखी 300 मीटर रेटण्याची सवयही याने सुटते.

सायकलच्या बाबतीत वेळेचे माप आणखी स्पष्टपणे उजवे ठरते, कारण तिथे अंतराचा अर्थ वारा आणि चढ ठरवतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समोरून वारा आला की तेवढेच श्रम करूनही वेग झपाट्याने घटतो, आणि परतताना वारा पाठीशी असला तरी गेलेला वेळ भरून निघत नाही. 30 किलोमीटर वाऱ्याच्या दिशेने ताशी 30 च्या वेगाने गेलात आणि तेच 30 किलोमीटर वाऱ्याविरुद्ध ताशी 20 ने परतलात, तर एकूण अडीच तास लागतात आणि सरासरी 25 न येता 24 येते. चढ-उतारांच्या रस्त्यावर हा फरक याहून मोठा असतो. म्हणून ‘60 किलोमीटर’ असे न लिहिता ‘अडीच तास, त्यातील मधली 40 मिनिटे जोर लावून’ असे लिहावे. जाऊन त्याच रस्त्याने परतायचे असेल, तर पहिला अर्धा वेळ वाऱ्याविरुद्ध जाण्यात घालवावा, म्हणजे परतीला उशीर होत नाही. उरलेली मिनिटे घराजवळच्या सपाट रस्त्यावर पूर्ण करता येतात. घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल एकाच जागी बसवून चालवायच्या यंत्रावर, दिसणारे अंतर तर सेटिंगवर आणि गिअरवर अवलंबून असते, त्यामुळे तिथे वेळ आणि हृदयगती, किंवा पॉवर मीटर (पेडलवर लावलेला जोर मोजणारे उपकरण) असल्यास वॅट, एवढेच धरावे.

पोहण्याचा हिशेब मात्र उलटा आहे. ‘आज तलावात 45 मिनिटे’ एवढेच ठरवून उतरले, तर भिंतीला टेकून श्वास घेण्यात, गॉगल पुसण्यात आणि दोन शब्द बोलण्यात किती वेळ गेला हे कळतही नाही, आणि प्रत्यक्ष पोहणे निम्म्यावर येते. तलावाची लांबी ठरलेली असते. तिथे वारा नाही, चढ नाही. 25 मीटरच्या तलावात 1500 मीटर म्हणजे 60 लांब्या, यात कालच्या आणि आजच्या दिवसाचा फरक पडत नाही. तलावाची लांबी तेवढी आधी विचारून घ्यावी. काही तलाव 25 यार्डांचे, म्हणजे 22.86 मीटरचे असतात, आणि तिथे 20 लांब्या पोहल्या तर 500 नव्हे, 457 मीटर होतात.

तलावात अंतर आणि घड्याळ यांची जोड कशी घालायची, ते एका उदाहरणाने पाहू. आधी चांगले अंग मोकळे करून 400 मीटर शक्य तितक्या वेगाने पण एकसारखे पोहावे, पुरेशी विश्रांती घ्यावी आणि मग 200 मीटर तसेच पोहावे. समजा, 400 ला 9 मिनिटे 20 सेकंद आणि 200 ला 4 मिनिटे 20 सेकंद लागले. दोन्हींतील फरक 5 मिनिटांचा आणि अंतराचा फरक 200 मीटरचा, म्हणजे 100 मीटरला अडीच मिनिटे ही तुमची दीर्घकाळ टिकू शकणारी वेगवान गती झाली. आता मुख्य सराव असा लिहा: 100 मीटर दहा वेळा, दर 2 मिनिटे 50 सेकंदांनी निघायचे. अडीच मिनिटांत भिंतीला हात लागला की 20 सेकंद मिळतात; पोहणे रेंगाळले तर विश्रांती आपोआप आखडते. सातव्या-आठव्या फेरीला हात पाण्यात घसरू लागला, दर लांबीला हातांचे फटके दोन-तीनने वाढले, तर तंत्र मोडले असे समजावे. तेव्हा गती ओढून धरण्यापेक्षा पुढची एक फेरी गाळून दम घ्यावा. दर सहा आठवड्यांनी ही चाचणी पुन्हा करून आकडे बदलावेत.

खुल्या पाण्यात मात्र हे सोडून द्यावे. जीपीएसचे संकेत पाण्याखाली पोहोचत नाहीत. मनगट पाण्याबाहेर येते तेवढ्याच क्षणांत घड्याळ आपली जागा शोधते, त्यामुळे नोंदवलेले अंतर बरेचदा चुकते. शिवाय तळाला रेघ नसल्याने सरळ पोहणेही कठीण असते, आणि वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख, घातला की गती बदलते. तिथे 30 किंवा 40 मिनिटे ठरवावीत आणि दर काही फटक्यांनंतर मान वर करून दिशा पाहण्याचा सराव करावा.

तलाव सोडून बाकी सगळे वेळेने मोजल्यावर अंतर कुठे उरते? शर्यतीचे अंतर कोणासाठीही बदलत नाही आणि प्रत्येक टप्पा बंद होण्याची वेळही ठरलेली असते, म्हणून शेवटच्या आठ-दहा आठवड्यांत अंतराला सामोरे जावेच लागते. पूर्ण अंतराच्या बहुतेक शर्यतींत 3.8 किलोमीटर पोहायला 2 तास 20 मिनिटे मिळतात, म्हणजे 100 मीटरला सुमारे 3 मिनिटे 41 सेकंद. आपण या रेषेच्या किती आत आहोत हे शर्यतीच्या सकाळी कळून उपयोग नाही. ते अंतर आधी दोन-तीनदा न थांबता पोहून पाहिलेले असावे. सायकलचीही एक-दोन लांब फेरी शर्यतीच्या अंतराच्या जवळ न्यावी, शक्यतो तशाच चढ-उतारांच्या रस्त्यावर. स्प्रिंट प्रकारात, म्हणजे 750 मीटर, 20 किलोमीटर आणि 5 किलोमीटर, प्रत्येक टप्पा सरावात पूर्ण करणे अवघड नसते आणि नवशिक्याला त्याने फार धीर येतो. या धीराला मी कमी लेखत नाही.

सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा सराव, ज्याला ब्रिक म्हणतात, तो वेळेनेच करावा: दीड तास सायकल आणि 20 मिनिटे धावणे. सुरुवातीची काही मिनिटे पाय जड वाटतात आणि गतीचा अंदाज फसतो, त्यामुळे तिथे अंतर पाहण्यात अर्थ नाही.

वेळेच्या मापात एक उणीव आहे, ती झाकून चालणार नाही. नुसती मिनिटे लिहिली, तर आरामात फिरलेला तास आणि जीव तोडून केलेला तास वहीत सारखेच दिसतात. म्हणून प्रत्येक सरावापुढे श्रमाचा आकडा 1 ते 10 मध्ये लिहावा आणि तो मिनिटांनी गुणावा. 60 मिनिटे आणि श्रम 4 म्हणजे 240. 40 मिनिटे आणि श्रम 7 म्हणजे 280. छोटा सराव जास्त जड होता हे लगेच दिसते. आकडा सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने लिहावा, कारण शेवटचा चढ किंवा शेवटची धाव मनात ताजी असताना सगळाच सराव कठीण वाटतो. आठवड्याच्या बेरजेत एकदम उडी घेऊ नये, आणि दर चौथ्या आठवड्यात ती मुद्दाम उतरवावी.

खाण्यापिण्याचा सरावही घड्याळानेच बांधावा. लांब सरावात तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्बोहायड्रेट घ्यायचे ठरवले असेल, तर दर 20 मिनिटांनी थोडे खावे. ‘दर 10 किलोमीटरला’ असे ठरवले, तर नेमके चढावर, जिथे श्रम जास्त, तिथे खाणे लांबते.

शर्यतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत प्रत्येक सरावाची मिनिटे कमी करावीत, पण शर्यतीच्या गतीचे छोटे तुकडे तसेच ठेवावेत: तलावात 100 मीटरच्या चार फेऱ्या, सायकलवर पाच मिनिटांचे दोन तुकडे, धावताना तीन मिनिटांचे दोन. या काळात घटलेले किलोमीटर पाहून अस्वस्थ वाटते आणि एक शेवटची मोठी फेरी मारावीशी वाटते. ती मारू नये. तेवढ्या दिवसांत तिचा फायदा शरीराला मिळत नाही, थकवा मात्र शर्यतीच्या सकाळपर्यंत उरतो.